फक्त कॅपिटल करून द्या ना भाऊ

"बाकी सगळं झालं भाऊ, तेवढं नाव फक्त कॅपिटल करून द्या ना." हे 'फक्त' ऐकलं की नागपुरातल्या मिहानपासून आयटी पार्कपर्यंतच्या कोणत्याही प्रोग्रामरने आधी पाणी प्यावं. आपल्या लिपीत मोठी अक्षरं नाहीत. कलेक्टरच्या अर्जात लिहा नाहीतर टपरीवर, धरमपेठ ते धरमपेठच. तरी हा ताप आपल्याच मानगुटीवर.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत अक्षरं कॅपिटल करणारं फंक्शन म्हणजे अपर(). पण नुसतं 'नाव.अपर()' लिहिलं की काहीच होत नाही. एररही येत नाही, हा खरा छळ. स्ट्रिंग, म्हणजे साठवलेला मजकूर, बदलत नसते, नवी तयार होते. म्हणून 'नाव = नाव.अपर()' असं परत साठवावं लागतं. ही पायरी सोपी आहे. पुढे खड्डे आहेत.

काही हुशार मंडळी फंक्शनच वापरत नाहीत. आस्की या अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात लहान ए ९७वा आणि कॅपिटल ए ६५वा, मग सरसकट ३२ वजा करून मोकळे! आधीच कॅपिटल असलेला ए होतो ३३, म्हणजे उद्गारचिन्ह. ईमेलमधलं ॲट ६४वं, त्याची होते मोकळी जागा. मराठी मजकुराची तर गोष्टच सोडा, यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक अक्षराचे आणि मात्रेचे तीन-तीन बाइट असतात आणि ही वजाबाकी ते वाचण्याच्याही लायकीचे ठेवत नाही. वजाबाकी आधी 'ए ते झेड लहान आहे का' एवढं विचारायला काय जातं?

जर्मन भाषेतल्या एस्झेट (ß) या अक्षराचं कॅपिटल म्हणजे दोन एस. एक अक्षर आत, दोन बाहेर. वीस अक्षरांच्या रकान्यात बसलेला पत्ता एकवीसचा होतो आणि डेटाबेस तो परत पाठवतो. म्हणून लांबी अपर केल्यानंतर तपासायची. या अक्षराचं स्वतंत्र कॅपिटल २००८ साली युनिकोड या जगभरच्या लिपींच्या तक्त्यात आलं, २०१७ साली जर्मन शुद्धलेखनानेही मान्य केलं. अपर() मात्र अजून दोन एसच देतं.

त्याहून बेरकी टर्किश आय. तुर्की भाषेत टिंबवाला आणि बिनटिंबाचा असे दोन आय, दोघांची कॅपिटलं वेगळी. जावा या प्रोग्रामिंग भाषेतलं टू-अपरकेस() मशीनवर निवडलेली बोलीभाषा बघून वागतं. त्यामुळे लहान अक्षरांतली 'आयडी' नावाची किल्ली, म्हणजे माहिती शोधायचं नाव, कॅपिटल केली की नागपुरात नीट उघडते, इस्तंबूलच्या मशीनवर डोक्यावर टिंब घेऊन उभी राहते आणि कुलूप तिला ओळखत नाही. किल्ल्यांसाठी कोणत्याच भाषेची बाजू न घेणारं 'लोकेल.रूट' द्यावं. पायथॉन मशीनवरची ही निवड बघतच नाही, म्हणून तिथे कोड वाचतो, पण तुर्की माणसाचं नाव चुकतं. दोन नावं जुळवायची असतील तर अपर() नकोच, लहान-मोठ्याचा भेद पुसणारं केसफोल्ड() घ्या. ते एस्झेटलाही पुरून उरतं, फक्त टर्किश आयपुढे तेही हात टेकतं.

प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करणारा टायटल() हा आणखी एक उत्साही प्राणी. व्हीएनआयटी या कॉलेजच्या नावातलं फक्त व्ही मोठं ठेवून बाकीच्यांना खाली बसवतो आणि ॲपॉस्ट्रॉफीनंतरच्या एसला उगाच उभा करतो.

आता पासवर्डात 'किमान एक कॅपिटल' हवं म्हणून कोणी 'अक्षर == अक्षर.अपर()' असं तपासलं, तर 'संत्रा' बिनबोभाट पास, कारण आपलं प्रत्येक अक्षर स्वतःचंच कॅपिटल. तेच 'कॅपिटल आहे का' हे सांगणाऱ्या इज-अपर()ला विचारा, तो म्हणतो नाही. इज-लोअर()? तोही नाही. आणि 'सगळी अक्षरंच आहेत का' हे तपासणाऱ्या इज-अल्फा()ला 'नागपूर' दिलं तर उत्तर येतं, ही अक्षरंच नाहीत! त्याच्या हिशेबी काना आणि ऊकार अक्षरांत मोडत नाहीत. नाव तपासताना युनिकोडच्या 'एल' (अक्षरं) वर्गाबरोबर 'एम' (काना-मात्रा) वर्गही चालवून घ्यावा लागतो, तेव्हा कुठे फॉर्म नागपूरला आत घेतो.