पासवर्ड काढा, नाव लपवा, कॅन लावा : अभ्यासिकावाल्यांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या वायफाय ज्ञानाला उत्तर

परवा रात्री साडेदहाला आत्याचा फोन. "अरे, तू म्हणे त्याला वायफायसाठी चाळीस हजारांचा खर्च सांगितलास, आणि इथं मोबाईलवर आलंय की सगळं आठ हजारांत होतं. घरच्या माणसाकडून तरी..." पुढचं तिने गिळलं, पण मला ऐकू आलं. आतेभाऊ पुण्यात नारायण पेठेत अभ्यासिका चालवतो, जुन्या वाड्याचा दुसरा मजला, तीन खोल्या, ७२ सीट, सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन बॅच. मी बारा वर्षं दवाखाने, क्लासेस, छोट्या ऑफिसांची नेटवर्कं लावतोय, आणि आता घरात माझी किंमत म्हणजे कमिशन खाणारा माणूस.

तो फॉरवर्ड मागवून घेतला. मथळा असा : "वायफायवाल्यांचा धंदा बंद!! क्लास, दुकान, ऑफिसवाल्यांनी नक्की वाचा". थोडक्यात म्हणणं असं की ॲक्सेस पॉइंट (केबलने राऊटरला जोडून छताला लावायची वायफायची पांढरी थाळी) ही लूट आहे, आठ अँटेनांचा एक गेमिंग राऊटर घ्या, पॉवर फुल करा, कमी पडलं तर प्लगमध्ये खोचायचे, सिग्नल पुढे ढकलणारे रिपीटर लावा, राऊटरमागे थंड पेयाचा कापलेला कॅन उभा करा, केबल कुठलीही चालते, रोज रात्री राऊटर बंद-चालू करा, आणि पासवर्डची कटकट नको, पासवर्ड काढून टाका आणि वायफायचं नाव लपवा म्हणजे बाहेरच्याला दिसणारच नाही.

क्रमाने जात नाही, शेवटच्यापासून सुरू करतो कारण बाकीच्यांनी फार तर पैसे जातील, हा मुद्दा माणसाला गोत्यात आणेल.

नाव लपवणे म्हणजे काय, तर राऊटर आपलं नाव पुकारायचं थांबवतो. बास. रेडिओ चालूच असतो, हवेतलं बोलणं चालूच असतं. आणि गंमत अशी की नाव लपवलेल्या वायफायला जोडलेला फोन मग स्वतःच ते नाव घेऊन हाका मारत फिरतो, "अमुक आहेस का, अमुक आहेस का", अगदी घरी गेल्यावर आणि पीएमपीच्या बसमध्ये बसल्यावरसुद्धा. फुकटच्या ॲपने ऐकणाऱ्याला नाव मिळायला चहा थंड होण्याइतका वेळही लागत नाही. पण ते सोडा, साधा विचार करा की १४४ पोरांना वायफाय वापरायचंय, तर त्यांना नाव टाईप करावं लागणार, म्हणजे नाव सांगावं लागणार. भावाने काय केलं असेल? लपवलेलं नाव नोटीस बोर्डावर स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहून लावलं, खाली "चप्पल रॅकमध्येच ठेवावी".

आणि पासवर्ड नाही. म्हणजे खालचा झेरॉक्सवाला, समोरच्या बिल्डिंगचा तिसरा मजला, रस्त्यावर गाडी लावून बसलेला कोणीही, सगळे आत. हल्ली बहुतेक वेबसाइट एन्क्रिप्टेड असतात, त्यामुळे कोणी लगेच बँकेचा पासवर्ड वाचेल असं मी घाबरवणार नाही. पण त्याच नेटवर्कवर रिसेप्शनचा कॉम्प्युटर आहे, त्यात शेअर केलेल्या फोल्डरमध्ये प्रत्येक पोराचं ॲडमिशन फॉर्म आणि आधारचं स्कॅन आहे, आणि सीसीटीव्हीचा डबा आहे ज्याचा पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवला तोच, १ पासून पुढचे आकडे. एका क्लासमध्ये मी स्वतः बघितलंय, रिसेप्शनचा प्रिंटर आपोआप सुरू झाला आणि चालू घडामोडींच्या नोट्सची शंभर-एक पानं बाहेर आली, बाई घाबरून मेन स्विच बंद करायला धावल्या. हॉलमधल्या कोणाला तरी फोनवर प्रिंटर दिसला होता, त्याने दाबलं. तो बिचारा चोर नव्हता, त्याला रस्ता मोकळा दिसला.

आता ज्यांना वाटतं की "आपल्या छोट्या धंद्याकडे कोण बघतंय", त्यांनी २००८ आठवा. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी न्यूज चॅनेलना धमकीचा ईमेल गेला. माग काढला तर पत्ता निघाला नवी मुंबईत सानपाड्याचा, एका अमेरिकन माणसाच्या घरचा. त्याचा स्फोटांशी संबंध नव्हता, त्याचं वायफाय उघडं होतं, कोणीतरी ते वापरून मेल टाकला. पण आयपी ॲड्रेस, म्हणजे कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता, त्याचा, म्हणून चौकशी त्याची. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या की ग्राहकाचं वायफाय असं उघडं राहता कामा नये, कोण वापरतंय ते कळलं पाहिजे. फॉरवर्ड लिहिणारा तेव्हा शाळेत असेल, मान्य. पण भावाच्या नावावर कनेक्शन आहे, बिलावर त्याचं नाव आहे, उद्या त्या लाईनवरून कोणी कोणाला घाणेरडं काही पाठवलं तर पोलीस फॉरवर्डवाल्याकडे जाणार नाहीत, नारायण पेठेत येतील आणि आत्या दार उघडेल.

म्हणून धंद्यासाठी ॲक्सेस पॉइंट निवडताना मी पहिला प्रश्न रेंजचा विचारत नाही. मी विचारतो की यात दोन-तीन वेगळी नेटवर्कं करता येतात का, पोरांचं वेगळं, ऑफिसचं वेगळं, कॅमेऱ्याचं वेगळं, आणि पोरांच्या नेटवर्कवर एकाला दुसऱ्याचा फोन दिसू नये अशी सोय आहे का. यूबिक्विटी कंपनीचं युनिफाय घ्या किंवा टीपी-लिंकचं ओमाडा घ्या, दोन्हीत हे होतं, वर प्रत्येक पोराला महिन्याचं व्हाउचर, म्हणजे मुदतीचा पासवर्ड, छापून देता येतं, फी संपली की वायफायही संपलं. मला दोन्हीकडून दमडी मिळत नाही, आत्याने हे वाचावं.

आता "ॲक्सेस पॉइंट ही लूट". यात अर्धं खरं आहे आणि ते मला जीवावर येऊन मान्य करावं लागतं. दोनशे-तीनशे चौरस फुटांचं दुकान, आत मालक, एक पोरगा, एक बिलिंग मशीन, तर चांगला राऊटर एकटा पुरतो, तिथे छताला पांढरी थाळी लावून घेणं हौस आहे. अगदी घरातला जुना राऊटरसुद्धा त्याचं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटायचं काम, बंद करून ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरता येतो, मी गावी तेच केलंय. पण ७२ सीटची अभ्यासिका म्हणजे दुकान नव्हे.

कारण वायफाय म्हणजे वाड्यातला एकच नळ. एका चॅनलवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या एका पट्ट्यात, एका वेळी एकच जण बोलतो, बाकीचे हंडे घेऊन रांगेत. वाय-फाय ६ मध्ये थोडी वाटावाटी होते पण नळ तोच. शेवटच्या खोलीतल्या कोपऱ्यात बसलेला पोरगा, मध्ये दीड फुटाची भिंत, त्याच्या जुन्या फोनला सिग्नल पुसट, म्हणून तो हळूहळू बोलतो, आणि तो बोलत असताना बाकी एकाहत्तर जण थांबतात. बारीक धारेला पिंप लावून बसलेला माणूस म्हणा. इथे राऊटरला अँटेना आठ असल्या काय नि अठरा असल्या काय. उपाय एकच, नळ वाढवायचे : प्रत्येक खोलीत एक ॲक्सेस पॉइंट, तिघांचे चॅनल वेगळे, म्हणजे रांग तिसऱ्या हिश्शाची आणि कोपऱ्यातला पोरगाही जवळ. माझा हिशोब एका ॲक्सेस पॉइंटवर खरंच काम करत असलेले तीस-पस्तीस जण, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

खोक्यावरून आठवलं. भाऊ तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, उभं राहून मला विचारत होता, "दादा, याच्यावर ५४०० लिहिलंय, तुझ्यावाल्यावर १८००." ते ५४०० म्हणजे वेगाचा आकडा, राऊटरच्या दोन बँडचे, २.४ गिगाहर्ट्झचे ५७४ एमबीपीएस आणि ५ गिगाहर्ट्झचे ४८०४ यांची बेरीज, येतात ५३७८, ती गोल केली. आणि ते ४८०४ मिळवायला समोरच्या उपकरणाला चार अँटेना आणि १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल लागतो. पोरांच्या फोनमध्ये अँटेना दोन, आणि गर्दीच्या जागी चॅनल तेवढा रुंद ठेवायचाच नसतो. शिवाय मागून येणारी लाईन ३०० एमबीपीएसची. टाकीत पाणी तेवढंच, तोटी कितीही चकचकीत आणा.

पॉवर फुल करणे. ही तर सगळ्यांचीच आवडती चूक. राऊटर ओरडून बोलला तर फोनला ऐकू येतं, फोनवर कांड्या फुल दिसतात, पण फोनला बॅटरी वाचवायची असते, त्याचा आवाज बारीक, तो उत्तर देतो ते राऊटरपर्यंत पोचत नाही. मग "रेंज फुल आहे पण नेट चालत नाही". आणि तीन ॲक्सेस पॉइंट लावून तिन्ही फुलवर ठेवले तर फोन पहिल्या खोलीतल्याला चिकटून तिसऱ्या खोलीत जातो, सोडतच नाही, कारण कोणाला धरायचं हे फोन ठरवतो. मी मिडियमवर ठेवतो, २.४ तर लोवर, आणि मधल्या खोलीत २.४ बंदच. पेठेत फोनवर स्कॅन करून बघा, चाळीसेक नावं दिसतात, आणि २.४ मध्ये एकमेकांना न घासणारे चॅनल तीन, १, ६ आणि ११.

रिपीटर : जो रिपीटर एकाच रेडिओने ऐकतो आणि त्याच रेडिओने पुढे सांगतो तो प्रत्येक वाक्य हवेत दोनदा बोलतो. आधीच रांग, त्यात प्रत्येकाचा हंडा दोनदा भरायचा. घरी बेडरूममध्ये एक फोन असेल तर ठीक, इथे नाही.

कॅनचं खरं सांगायचं तर मी हसणार होतो, पण २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी धातूचा मुलामा दिलेले वळणदार पत्रे राऊटरभोवती लावून दाखवलं होतं की सिग्नल हव्या त्या बाजूला वळवता येतो. वळवता, वाढवता नाही. एका खोलीला जास्त दिलं ते दुसऱ्या खोलीचं काढून. त्यांनी जागेचं माप घेऊन आकार काढला होता, फॉरवर्डमध्ये "शक्यतो मोठा कॅन" एवढंच माप आहे.

केबल "कुठलीही चालते" नाही चालत. ॲक्सेस पॉइंटला वीजसुद्धा त्याच केबलमधून जाते, पीओई म्हणतात, साध्या प्रकारात नेटवर्क स्विच (सगळ्या केबल जोडायचा डबा) एका पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत देतो. स्वस्त केबलची तार ब्लेडने खरवडून बघा, वर तांब्याचा रंग आणि आत पांढरी चांदीसारखी, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, सीसीए. लांब पल्ल्यात व्होल्टेज पडतं, ॲक्सेस पॉइंट मधेच रिस्टार्ट होतो, आणि लोक शिव्या ॲक्सेस पॉइंटला देतात. दुकानातच खरवडून बघायचं, दुकानदार रागावला तर दुसरं दुकान.

राहिलं रोज रात्री बंद-चालू करणं. आणि इथे फॉरवर्डवाला नकळत खऱ्याच्या जवळ गेलाय. भाऊ म्हणाला, "दादा, पण त्याने खरंच फरक पडतो, सकाळी झकास चालतं, संध्याकाळी सहानंतर पोरं म्हणतात कनेक्टेड दाखवतंय पण नेट नाही." मी त्याच्या राऊटरमध्ये शिरून बघितलं. राऊटर जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला एक आकडी पत्ता देतो. वाटायला ठेवलेले पत्ते १००, आणि एकदा दिलेला पत्ता २४ तास त्याच फोनसाठी राखीव. सकाळची बॅच ७२ पोरं, प्रत्येकाचा फोन, निम्म्यांचा लॅपटॉप नाहीतर टॅब, म्हणजे शंभरी तिथेच भरली. पोरं दुपारी घरी गेली तरी पत्ते अडवलेले, संध्याकाळचा पोरगा आला की त्याला द्यायला पत्ताच नाही. राऊटर रिस्टार्ट केला की त्याची वही कोरी होते, म्हणून सकाळी झकास. रेंजचा काही संबंध नव्हता. मी पत्ते २५० केले, मुदत दोन तास केली, तीन मिनिटं लागली आणि पैसे शून्य. हे मी त्याला चाळीस हजारांच्या अंदाजाच्या आधी बघायला हवं होतं, ही माझी चूक, मी आत्याला तसं सांगितलं.

अर्धी तक्रार त्यानेच गेली. उरलेल्या अर्ध्यासाठी तीन वाय-फाय ६ चे ॲक्सेस पॉइंट, आठ पोर्टचा पीओई स्विच, शुद्ध तांब्याची कॅट ६ केबल, आणि व्हाउचर. भावाने ते गेमिंग राऊटर घेतलं नव्हतं, वाचला. रिपीटर मात्र एक घेतला होता आणि तो दुकानदार परत घेत नाहीये. आत्याने तो घरी पॅसेजमध्ये लावून ठेवलाय, रात्री उठलं की हिरवा दिवा बरा पडतो म्हणते.