अडुळसा चांगलाच, पण सरसकट नको
लेख आवडला, पण ‘अडुळशाचा रस कुणीही रोज घ्यावा, अपाय काहीच नाही’ हे पटलं नाही. आमच्या खानापूर भागात बांधाला अडुळसा असतोच; पाला कडूजहर, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. पावसाळ्यात छातीत कफ दाटला की आई पिकली पानं वाफवून पिळायची, चमचाभर रसात मध घालून चाटवायची. कफ सुटतो हे खरंच. पानातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच तर ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध आलं, खोकल्याच्या बाटलीवर नाव वाचा. पण याच व्हॅसिसीनने गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून गरोदर बाईने घेऊच नये. एवढी एक ओळ तरी टाका की! आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर काढे उकळत बसू नका, क्षय (टीबी) तर नाही ना, हे बघायला सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, फुकट होते.