आत्या फोनवर बोलली

आज जालन्यात लग्नाच्या पंगतीत एक शिकलेला माणूस म्हणाला, "केमो चालू असलेल्या खेड्यातल्या बायांना मोबाईलवर काय विचारणार? त्यांना काय कळतंय!" चार जणांनी माना डोलवल्या. माझा घास घशाखाली उतरेना.

माझी आत्या जिंतूर तालुक्यातली. स्तनाचा कॅन्सर, केमो संभाजीनगरला. ओपीडीत डॉक्टरांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "बरं हाय सायेब." शेजारी पोरगा उभा, मागं रांग, समोर पुरुष डॉक्टर. जुलाब लागलेत, तोंड आलंय, पाणी गिळवत नाही, हे तिनं तिथं चारचौघांत सांगायचं? तुमची आई सांगेल?

तिथल्या एका सिस्टरनं व्हॉट्सॲपवर रोज सकाळी आपल्या आवाजात मराठीतून विचारायला सुरुवात केली. ताप आला का, उलटी झाली का, तोंडात फोड आहेत का. आत्या माजघरात बसून बोलायची. पोटच्या पोराला न सांगितलेलं सगळं बोलायची.

केमोनंतर आठवडा-दीड आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे जंतूंशी लढणारं सैन्य, तळाला जातात. तेव्हाच तिला ताप भरला. गावातल्या डॉक्टरनं पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवलं. आत्यानं फोनवर सांगितलं, "थंडी वाजून आली माय." सिस्टरचा लगेच उलटा फोन. गोळीनं ताप झाकला जाईल, आतलं इन्फेक्शन तसंच राहील, आत्ताच्या आत्ता निघा. रात्रीच परभणी गाठली, शिरेतून अँटिबायोटिक चालू झालं. आत्या आज शेंगा फोडत बसलीय. काय कळतंय म्हणे!

अमेरिकेत शरीरात पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ रुग्णांवर असंच करून बघितलं. निम्म्यांच्या आसपास रुग्णांनी त्रास घरून किंवा दवाखान्यात कॉम्प्युटरवर कळवायचा, नर्सनं बघायचा; बाकीच्यांवर नेहमीसारखे उपचार. २०१७ साली निकाल छापून आला: कळवणाऱ्यांतले निम्मे ३१ महिन्यांहून जास्त जगले, बाकीच्यांतले निम्मे २६ महिन्यांहून. पाच महिने. एका घराला पाच महिने म्हणजे काय, हे ज्याच्या घरात आजार आहे त्यालाच विचारा.

हो, रेंज जाते. फोन सुनेचा असतो, ती रानात गेली की फोनही रानात. मान्य. म्हणून काय सोडून द्यायचं?

खरा राग वेगळाच आहे. इंग्रजीतलं ॲप करायचं, दुखणं शून्य ते दहामध्ये मोजायला लावायचं, उद्घाटनाला फोटो काढायचे आणि रात्री अकराला पलीकडं कुणीच नसायचं. आत्याला वाचवलं ते त्या बाईच्या उलट्या फोननं. तिला त्याचा पगार मिळतो का, हेसुद्धा कुणी विचारलेलं नाही.

ज्यांच्या घरी केमो चालू आहे त्यांनी आजच थर्मामीटर आणा. पारा १००.४ च्या वर गेला की सकाळची वाट बघू नका. आणि वॉर्डाचा रात्रीचा नंबर मागून घ्या. नाही दिला तर भांडा, मला बोलवा, मी येतो भांडायला.