आधी एसएमपीएसचं लेबल वाच, मग कार्ड बघ

शनिवारी रात्री ओंक्या पेरूगेटजवळच्या आमच्या कट्ट्यावर आला तोच मोबाइल पुढे करत. "उद्या सकाळी वाकडला जाऊन आणतोय. आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड, सेकंड हँड, २० हजार. बोला."

ओंक्याची गरज खरी आहे. अ‍ॅनिमेशनच्या कोर्सचं दुसरं वर्ष चालू आहे, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एक सीन रेंडर करायला, म्हणजे त्याची अंतिम चित्रं तयार करायला, रात्रभर मशीन चालू ठेवावं लागतं, आणि सबमिशन जवळ आलंय. मशीन आय५-१०४००एफ प्रोसेसरचं, १६ जीबी रॅम, आणि मॉनिटर दिसावा एवढ्यापुरतं एक जुनं जीटी १०३० कार्ड. घरून २८ हजार मिळालेत. त्यात वाढ होणार नाही, हे त्याने आल्याआल्याच सांगून टाकलं.

पक्याने टाळी दिली. "डोळे झाकून घे. ३०७० आहे ते, या भावात पुन्हा मिळायचं नाही."

मी एवढंच विचारलं, "एसएमपीएस, मशीनला वीज पुरवणारा डबा, कोणता आहे तुझा?"

"४५० वॉटचा. कॅबिनेटबरोबर आला होता ना, तोच."

इथून जो वाद सुरू झाला तो समोरच्या अमृततुल्यवाल्याने शटर ओढलं तरी थांबला नाही.

ओंक्याचं घर नारायण पेठेत, चालत पाच मिनिटं. मी त्याला परत पाठवलं. म्हटलं, कॅबिनेटचं झाकण काढ आणि एसएमपीएसच्या अंगावरच्या स्टिकरचा फोटो घेऊन ये. आला. स्टिकरवर वर मोठ्या अक्षरांत ४५० आणि खाली बारीक तक्ता: ३.३ व्होल्टवर २० अँपिअर, ५ व्होल्टवर २२, आणि १२ व्होल्टवर १६.

अप्पा आमच्यात वयाने सगळ्यांत मोठे, तपकीर गल्लीत इलेक्ट्रिकलच्या दुकानात त्यांची हयात गेली. त्यांना ग्राफिक्स कार्डातलं काही कळत नाही, पण तक्ता त्यांनी एका नजरेत वाचला. "अरे, व्होल्ट गुणिले अँपिअर कर. ३.३ चे ६६, ५ चे ११०, १२ चे १९२. सगळे मिळून ३६८. मग हे ४५० आणलं कुठून याने?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. आणि खरी गोम तर पुढे आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच ओढतात. ३.३ आणि ५ चे आकडे कितीही मोठे असले तरी कार्डाच्या कामाचे नाहीत. म्हणजे ओंक्याच्या हातात १९२ वॉट, तेही स्टिकरवर विश्वास ठेवला तर. प्रोसेसर ६५ वॉटचा म्हणून विकला जातो, पण टर्बोला गेला, म्हणजे कामाच्या ताणात त्याने वेग वाढवला, की त्याहून बराच जास्त घेतो. ३०७० एकटं २२० वॉटचं. प्रोसेसर, मदरबोर्ड, पंखे सगळं बाजूला ठेवा, नुसतं कार्डच त्या १९२ मध्ये मावत नाही.

"कंपन्या मुद्दाम वाढवून सांगतात," पक्या म्हणाला. "३०७० ला ६५० वॉट लागतो म्हणे! माझ्या मावसभावाचं ३०६० साध्या ४५० वर दोन वर्षं चाललंय."

यात तथ्य आहे, आणि मी ते मान्य केलं. कंपनीचा आकडा सगळ्या तऱ्हेच्या एसएमपीएसची भीती धरून दिलेला असतो. चांगल्या ४५० मध्ये १२ व्होल्टच्या लाइनवर ३७ अँपिअरच्या आसपास मिळतात, म्हणजे ४४० च्या वर वॉट. त्याच्यावर १७० वॉटचं ३०६० बिनधास्त चालेल. पण म्हणून तर म्हणतो, पेटीवरचा आकडा बघू नका. पक्याच्या भावाचा ४५० आणि ओंक्याचा ४५० या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

शिवाय कार्ड एकसारखी वीज घेत नाही. काही मिलिसेकंदांपुरतं ते ठरलेल्या वॉटच्या बरंच वर उसळतं, आणि ३० सिरीजची मोठी कार्डं याबाबतीत बदनामच आहेत. एसएमपीएसमध्ये संरक्षण असेल तर तो त्या झटक्याला मशीन बंद करतो. संरक्षण नसेल तर काय होतं, ते मी भोगलंय.

२०२१ मधली गोष्ट. धायरीच्या घरी मी एक सेकंड हँड आरएक्स ५८० कार्ड बसवलं, १८५ वॉटचं, कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर. गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत मशीन रीस्टार्ट. मी दोन आठवडे विंडोजला दोष दिला, तीनदा फॉरमॅट मारला, ड्रायव्हर बदलले. दुकानदार म्हणाला, रॅम खराब असेल. मे महिन्याची संध्याकाळ होती, पंख्याखालीही घाम निथळत होता, आणि टेबलाखालून फट् असा आवाज आला. पाठोपाठ जळक्या प्लॅस्टिकचा वास. एसएमपीएस गेला तो मदरबोर्ड घेऊन गेला. कार्ड वाचलं, पण बोर्डासाठी चार महिने पैसे साठवावे लागले. तेव्हा कुणी मला स्टिकर वाचायला सांगितलं असतं तर? म्हणून मी ओंक्याशी इतका हुज्जत घालत होतो.

ओंक्याने शेवटची पळवाट काढली. त्याच्या एसएमपीएसला मोठ्या कार्डांना वीज देणारी आठ पिनची वायरच नाही; दुकानदाराने साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, दोन वायरींवरून आठ पिन करणारा कन्व्हर्टर देतो असं सांगितलं होतं. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर. म्हणजे ५४ वॉट. दोन जोडले तर १०८. आणि आठ पिनच्या तोंडातून कार्ड १५० वॉटपर्यंत मागणार. अप्पा तिथेच म्हणाले, "दिव्याच्या वायरवर गिझर चालवशील का तू? मग हे काय आहे?" एसएमपीएसला मुळात ती वायर नसणं हीच त्याने दिलेली कबुली असते, की एवढं ओझं माझ्याच्याने होणार नाही.

मग पक्याचा आणखी एक मुद्दा: ५५० वॉटचा, ८० प्लसवाला घेतला तरी मिळणार त्याच्या ८० टक्के, म्हणजे ४४०. हा गैरसमज मी इतक्यांकडून ऐकलाय की राहवत नाही. ५५० म्हणजे मशीनला मिळणारे ५५०. ८० प्लसमधले ८० टक्के ही कार्यक्षमता आहे. मशीनला ४०० वॉट द्यायला तो भिंतीतून ५०० घेईल, मधल्या १०० ची उष्णता होईल. फरक वीजबिलात आणि पंख्याच्या आवाजात पडतो.

साडेदहाच्या सुमारास मृणाल आली. ती व्हिडिओ एडिटिंग करते, तिने प्रश्नच बदलला. "गेम राहू दे. ब्लेंडरला काय लागतं ते बोला."

एएमडीचं आरएक्स ६६०० माझ्या डोक्यात होतं: १३२ वॉट, आणि गेमसाठी पैसे वसूल. पण सायकल्सला, म्हणजे ब्लेंडरच्या रेंडर इंजिनला, एनव्हिडियाच्या कार्डावर ऑप्टिक्स या त्यांच्या तंत्राचा जो वेग मिळतो तो एएमडीवर मिळत नाही, हे मृणालचं म्हणणं मला खोडता आलं नाही. एनव्हिडियाच्याच ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल ७० वॉटचं, वेगळी वायर लागतच नाही, मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवर भागतं. ओंक्याचे डोळे चमकले, कारण मग एसएमपीएस बदलायला नको. पण कार्डाच्या ६ जीबी मेमरीत त्याचे सीन मावायचे नाहीत, आणि तो स्टिकर खोटं बोलतोय हे एकदा दिसल्यावर त्याच्यावर रात्र रात्र रेंडर लावायचं? मला ते पटत नाही.

राहिले दोन पर्याय. ४०६०, ११५ वॉट, ८ जीबी. ३०६०, १७० वॉट, १२ जीबी. पक्या ४०६० साठी हटून बसला: ३०६० च्या पुढची पिढी, वीज कमी, गार चालतं. सगळं खरं. पण ४०६० स्लॉटच्या १६ लेनपैकी, म्हणजे डेटा ये-जा करायच्या वाटांपैकी, आठच वापरतं, आणि ओंक्याच्या बोर्डावरचा स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या पिढीचा. सीन मेमरीत मावतो तोवर काही बिघडत नाही. ८ जीबी भरले की उरलेलं त्या अरुंद वाटेने रॅममधून ये-जा करतं, आणि तिथे जीव मेटाकुटीला येतो. ३०६० पूर्ण १६ लेन वापरतं, वर ४ जीबी जास्त. मृणाल म्हणाली, तिच्या प्रोजेक्टमध्ये तिला वेग कमी पडल्याचा त्रास कधी झाला नाही, मेमरी संपल्याचा झालाय. त्यात नवीन ४०६० आणि बरा एसएमपीएस, दोन्ही मिळून २८ हजारांत बसतही नव्हते.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं: वॉरंटी शिल्लक असलेलं ३०६० बघ, मूळ बिल हातात घे, विकणाऱ्याच्या घरी अर्धा तास लोडवर चालवून बघ. आणि त्याच्याआधी नवीन एसएमपीएस. एसएमपीएसचे पैसे कार्डाच्याच बजेटमधले धर. उरतील त्यातून कार्ड ठरव.

पक्याला पटलेलं नाही. पुढच्या वर्षी गेम खेळताना आठवण काढशील, म्हणाला. ओंक्या काही न बोलता वाकडच्या माणसाला मेसेज टाइप करत होता, दोनदा खोडला, तिसऱ्यांदा पाठवला. ३०७० नको म्हणून.

मंगळवारी रात्री त्याचा फोटो आला. नवीन ५५० वॉटचा एसएमपीएस त्याच्या टेबलावर, स्टिकर उजेडाकडे फिरवलेला, १२ व्होल्टच्या आकड्यावर बोट ठेवलेलं. खाली लिहिलं होतं: "१२ गुणिले ४५, ५४०. बरोबर ना?"