मत्स्यबीज सोडलं म्हणजे तापी वाचली का?

पावसाळा लागला की तापीत मत्स्यबीज सोडल्याचे फोटो येतात. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, त्यांचं तोंड सोडून पाण्यात ओतलेली बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं), पाहुण्यांचे हार. तलावात, धरणात बीज टाकायला माझा विरोध नाही. आपल्या भोई बांधवांचं पोट त्यावर आहे. पण याला नदीचं संवर्धन म्हणतात, तिथे मला राहवत नाही.

अमेरिकेने हे आपल्या कितीतरी आधी करून पाहिलंय. कोलंबिया नदीवर धरणं बांधली, समुद्रातून अंडी घालायला वर येणाऱ्या सॅल्मन माशांची वाट अडली आणि भरपाई म्हणून हॅचऱ्या, म्हणजे टाकीत माशांची पैदास करणारी केंद्रं काढली. कोट्यवधी पिल्लं सोडली. तरी 1991 मध्ये कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीतला सॉकाय जातीचा सॅल्मन संकटग्रस्त जाहीर करावा लागला. टाकीत खाद्य आयतं मिळतं, शिकारी नसतो, त्यामुळे नदीत ज्यांचा निभाव लागला नसता तीही पिल्लं जगतात आणि पुढे जंगली माशांशी त्यांची पैदास होते. तिथल्याच हूड नदीतल्या स्टीलहेड या ट्राउट जातीच्या माशांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. टाकीत वाढलेल्या दर पिढीमागे नदीतली प्रजननक्षमता सुमारे 40 टक्के घटत होती!

हॅचरी सरसकट वाईट, असं मी म्हणणार नाही. 1992 मध्ये आयडाहो राज्यातल्या रेडफिश तलावात त्याच स्नेक नदीच्या सॉकायचा एकच नर परत आला होता. तो वंश टिकला तो हॅचरीमुळेच. पण मोंटाना राज्याने 1974 पासून जंगली ट्राउट असलेल्या नद्यांत बीज सोडणं थांबवलं आणि तिथले मासे वाढले. अमेरिकेच्याच पश्चिम किनाऱ्याकडच्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं काढली, त्याच वर्षी, 2024 च्या शरद ऋतूत, सॅल्मन वर पोचले. त्यांना फक्त वाट मोकळी हवी होती.

आपल्याकडे तर गोष्ट आणखी बिकट आहे. आपण सोडतो ते कटला, रोहू, मृगळ मुळात गंगेच्या खोऱ्यातले. बाहेरचा मासा काय करतो ते कावेरीत दिसलंय: सोडलेल्या निळ्या पराच्या महाशीरने तिथल्या मूळ कुबड्या महाशीरची जागा घेतली, आणि हा कुबडा महाशीर आज नामशेष व्हायच्या काठावर आहे.

तापीवरच्या प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे या बॅरेजांचे दरवाजे बंद झाले की वाम, शिंगाळा हे मासे वर चढणार कुठून? आमच्याकडचे जुने मासेमार सरळ सांगतात, "पयले पानी सोडा, मंग मासा आपेआप येई." म्हणून मागणी एवढीच: पैदाशीच्या दिवसांत नदीला वाहतं पाणी द्या, त्या काळातली मासेमारीबंदी खरोखर पाळा, आणि सातपुड्यातून येणाऱ्या नद्यांत बाहेरचं बीज टाकू नका. बीज सोडायचंच असेल तर ते तापीच्याच माशांपासून तयार करा.