बायोप्सीच्या सुईने कॅन्सर पसरत नाही. हा मेसेज पुढे ढकलणं बंद करा

माझ्या मावशीच्या स्तनात गाठ आहे. तालुक्याच्या धर्मादाय रुग्णालयात तिची मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली आणि सोनोग्राफीत बघून सुईने गाठीचा तुकडा काढायची, म्हणजे बायोप्सीची, तारीखही मिळाली. आदल्या रात्री भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि सकाळी मावशी म्हणाली, मी येत नाही. मी स्वतः रेडिओलॉजी विभागात टेक्निशियन आहे, बायोप्सीच्या टेबलाशेजारी रोज उभी असते. तरी माझ्यापेक्षा त्या मेसेजवर तिचा विश्वास जास्त बसला.

मेसेजच्या डोक्यावर ‘एका निवृत्त सर्जनचा इशारा’ असं लिहिलंय. सर्जनचं नाव नाही, गाव नाही. म्हणणं असं: सुई लागली की गाठ फुटते आणि कॅन्सर अंगभर पसरतो, म्हणून गाठ न तपासता थेट काढून टाका, एक सीटी म्हणजे चारशे एक्स-रे, मॅमोग्राफीने थायरॉईडचा कॅन्सर होतो, एमआरआय आणि सोनोग्राफीतही रेडिएशन असतं, आणि हे सगळं डॉक्टरांना ठाऊक असतं म्हणून ते आधी सही घेतात.

सुईचं आधी. कारण माणसं मरतात ती या मुद्द्यामुळे.

गाठ फुटते म्हणजे नक्की काय होतं? स्तनाच्या कॅन्सरची गाठ सहसा भरीव असते. ती काही द्रवाने भरलेली पिशवी नाही, की टोचली आणि सांडली. बायोप्सीत काय करतात ते सांगते. बाईला आडवं झोपवून हात डोक्याकडे घ्यायला सांगतात. जागा बीटाडीनने पुसून भूल देतात, खरं झोंबतं ते हेच इंजेक्शन. मग डॉक्टर एका हातात सोनोग्राफीचा प्रोब आणि दुसऱ्या हातात बायोप्सी गन घेतात. स्क्रीनवर गाठ काळसर दिसते आणि सुई पांढऱ्या रेघेसारखी. ती रेघ गाठीपाशी पोचलेली दिसल्याशिवाय गनचं बटण दाबत नाहीत. बटण दाबलं की ‘खट्’ आवाज होतो. त्या आवाजाला बायका दचकतात म्हणून आम्ही तो आधी एकदा ऐकवतो. सुईत येतो तो शेवईच्या तुकड्याएवढा धागा, तो फॉर्मालिनच्या बाटलीत टाकायचा. असे चार-पाच धागे घेतले की जागा दाबून धरायची, पट्टी लावायची, बर्फ द्यायचा. बाई चालत घरी जाते.

आता यात जेवढं खरं आहे तेवढं मान्य करते. सुईच्या वाटेवर काही पेशी सरकतात. १९९९ साली अमेरिकन जर्नल ऑफ रोएंटजेनॉलॉजीमध्ये यावर एक अभ्यास आला. सुईने बायोप्सी होऊन नंतर ऑपरेशन झालेल्या ३५२ रुग्णांच्या नमुन्यांत संशोधकांनी सुईची वाटच तपासली. ३२ टक्क्यांत सरकलेल्या पेशी सापडल्या. मेसेज लिहिणारा एवढंच वाचून थांबला असता. पण पुढचं बघा: बायोप्सीनंतर पंधरा दिवसांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण ४२ टक्के होतं आणि चार आठवड्यांनंतर ऑपरेशन झालेल्यांत १५ टक्के. सुईने कॅन्सर पेरला जात असता तर दिवस जातील तसं हे प्रमाण वाढायला हवं होतं. ते घटलं, म्हणजे सरकलेल्या पेशी तिथे तगत नाहीत, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. स्वादुपिंडाचा कॅन्सर तर याहून कितीतरी आक्रमक. त्यातही ऑपरेशन झालेल्या २,०३४ रुग्णांच्या नोंदी मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी तपासल्या, तेव्हा आधी सुईने तपासणी झालेले रुग्ण न झालेल्यांपेक्षा कमी जगले, असं आढळलं नाही. हा अभ्यास २०१५ मध्ये ‘गट’ (Gut) या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

काही ठिकाणी सुई खरोखरच टाळतात. अंडकोषात कॅन्सरचा संशय असेल तर बाहेरून सुई लावत नाहीत. सिरॉसिस झालेल्या लिव्हरमधली गाठ सीटी किंवा एमआरआयवर ठरावीक पद्धतीने औषधाचा रंग घेत असेल तर बहुतेक वेळा बायोप्सीची गरजच पडत नाही. हे नियम डॉक्टरांनीच घातलेत, तेही अभ्यास करून. स्तनाची गाठ त्यात येत नाही.

आणि ‘न तपासता थेट काढून टाका’ या सल्ल्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. एके काळी असंच चालायचं. बाईला भूल द्यायची, टेबलावरच गाठीचा तुकडा तपासायचा आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलेत अख्खा स्तन काढायचा. शुद्धीवर आल्यावर छातीवरून हात फिरवून तिला कळायचं. सुईच्या बायोप्सीने बायकांची यातून सुटका केली. हाताला लागणाऱ्या कितीतरी गाठी फायब्रोॲडिनोमासारख्या साध्या निघतात आणि त्यांना ऑपरेशनच लागत नाही. कॅन्सर निघालाच, तर त्याच धाग्यांवर ईआर, पीआर आणि हर-टू या कॅन्सरचा प्रकार सांगणाऱ्या तपासण्या होतात. केमो आधी द्यायची की ऑपरेशन आधी करायचं, हार्मोनच्या गोळ्या लागू पडतील का, हे त्यावर ठरतं. महात्मा फुले योजनेत केमोला मंजुरी मागतानाही बायोप्सीचा रिपोर्ट जोडावा लागतो. मेसेज पाठवणाऱ्या काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी काळजीपोटीच पाठवला, पण त्याने मावशीचे दिवस वाया जाताहेत.

सीटीचं. चारशेचा आकडा हवेतून आलेला नाही. मे २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले होते की एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांच्या देशव्यापी संघटनेने ते लगेच खोडलं. आधुनिक मशीनवर हे प्रमाण पाच ते दहा एक्स-रेंइतकंच आहे, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही टोकं वाटतात. छातीच्या नेहमीच्या सीटीचा डोस सहा-सात मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशन मोजायचं माप) धरतात, एक्स-रेचा ०.१ किंवा त्याहून कमी, आणि निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतोच. गुलेरियांचा रोख बरोबर होता, कारण तेव्हा साध्या खोकल्यालाही लोक सीटी करून घेत होते. लहान मुलांच्या बाबतीत तर जपायलाच हवं. २०१२ च्या ‘लॅन्सेट’मधल्या ब्रिटिश अभ्यासात लहानपणी सीटी झालेल्यांत ल्युकेमिया आणि मेंदूच्या गाठींचा धोका थोडा का होईना, वाढलेला दिसला. पण म्हणून कॅन्सरच्या रुग्णाने सीटी नाकारायचा?

मॅमोग्राफीचा डोस ०.४ मिलिसिव्हर्टच्या आसपास. त्यातला थायरॉईडपर्यंत पोचतो तो नगण्य. स्तन दाबल्यावर दुखतं, हे खरं. काही त्रास नसताना सरसकट प्रत्येकीची मॅमोग्राफी करावी का, यावर तज्ज्ञांत वाद आहे, हेही खरं. टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने केलेल्या तपासणीनेही पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पण हा सगळा वाद गाठ नसलेल्या बाईसाठी आहे. मावशीची गाठ हाताला लागते आहे.

एमआरआय आणि सोनोग्राफीत एक्स-रेसारखं रेडिएशन अजिबात नसतं. एमआरआयमध्ये धोका आहे तो चुंबकाचा. २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेला एक तरुण मशीनकडे ओढला जाऊन मरण पावला. म्हणून आम्ही मंगळसूत्रापासून पेसमेकरपर्यंत सगळं विचारतो.

राहिली सही. मोतीबिंदूलाही सही घेतात, हर्नियालाही घेतात. बायोप्सीच्या संमतीपत्रात रक्तस्राव, सूज, जंतुसंसर्ग, क्वचित पुन्हा सुई लागण्याची शक्यता असं लिहिलेलं असतं. ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर आम्हाला वाचून दाखवायला सांगा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी कुठली गोळी चालू असेल तर तारीख घेतानाच सांगा, आणि ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.