आयला, आयरिश आणि आमची मळी

ज्यांना दारूचा विषय चालत नाही त्यांनी इथूनच पुढं सरकावं, राग नाही.

उरलेल्यांना आधी माझी लायकी सांगतो. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी ३१ वर्षं काढली. मळीचे टँकर, यीस्टच्या टाक्या, फसफसणारा वॉश, म्हणजे आंबलेली मळी, आणि शेडच्या छपरातून वर डोकं काढणारे, दारू गाळायचे कॉलम. गाळून उरलेल्या सांडपाण्याचा, स्पेंटवॉशचा वास अंगात असा मुरला होता की लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारचं पान शेवटी भरायचं. माझ्या हाताखालून किती लाख लिटर स्पिरिट गेलं असेल याचा हिशोब नाही, पण दारूला चव असते हे मला पन्नाशीनंतर कळलं. कारण आमचं कामच मुळी चव काढून टाकायचं होतं. ९६ टक्क्यांचं ईएनए, म्हणजे शुद्ध, बिनवासाचं अल्कोहोल काढायचं, काचेच्या नळीत धरायचं आणि लॅबमधल्या पोरानं हुंगून सांगायचं, “साहेब, कसलाच वास नाही.” की आम्ही खूश. वास आला तर माल परत कॉलममध्ये.

तर गेल्या शनिवारी आमच्या गच्चीवर व्हिस्कीच्या सहा बाटल्या मांडल्या. त्या जमायला दोन वर्षं लागली. एक पुतण्यानं न्यू जर्सीहून आणलेली, दोन वेगवेगळ्या विमानतळांवरच्या, एक गोव्याची, एक कोपऱ्यावरच्या वाईन शॉपमधली आणि एक डब्लिनहून जावईबापूंनी आणलेली. ती देताना त्यांनी तीनदा सांगितलं, “बाबा, ही तुमच्यासाठी म्हणजे… पाहुण्यांसाठी.” सासरा-जावयातली ही अडचण ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको.

सोबतीला निरीक्षकसाहेब. राज्य उत्पादन शुल्कमधून निवृत्त. नोकरीत होते तेव्हा आमच्या गोदामाच्या एका कुलपाची किल्ली माझ्याकडं आणि दुसऱ्याची त्यांच्याकडं असायची. जिना चढून आल्या आल्या पहिला प्रश्न, “परमिट आहे ना?” आहे, आजन्म. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात अजून जिवंत आहे, आणि ‘परमिट रूम’ हा शब्दही त्यातूनच आलाय, हे तिथं रोज बसणाऱ्यांनाही माहीत नसतं.

सौभाग्यवतींनी ग्लासांखाली १ ते ६ आकड्यांच्या चिठ्ठ्या लावल्या, कुठल्या आकड्यात काय ते स्वतःकडं लिहून ठेवलं आणि “काय ते वेळेत आटपा” म्हणून खाली गेल्या. चकणा म्हणून फक्त खारे शेंगदाणे आणि काकडी. मसाल्याचं काही नको, जीभ मरते, यावर माझा आग्रह होता. साहेबांनी तोंड वाकडं केलं.

३ नंबरचा ग्लास साहेबांनी नाकाजवळ नेला आणि त्यांच्या तोंडून निघालं, “आयला!”

गंमत अशी की त्या बेटाचं नाव आयलाच आहे. इंग्रजीत लिहिताना त्याचं ‘इस्ले’ दिसतं, पण तिथले लोक म्हणतात आयला. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं वाऱ्यापावसाचं बेट, झाडं नावालाच. जाळायला लाकूड नाही, पण दलदल भरपूर. त्या दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजून दबलेल्या गवत-शेवाळाच्या विटा कापायच्या, शेणीसारख्या वाळवायच्या आणि त्या धुरावर मोड आलेली बार्ली सुकवायची. या विटा म्हणजे पीट. लाफ्रोएग, लॅगाव्हुलिन आणि आर्डबेग या तिथल्या डिस्टिलऱ्या, तिन्ही १८१५-१६ मधल्या, तिन्ही एकाच रस्त्यावर. चव म्हणाल तर पावसाळ्यात ओल्या फाट्यांवर पेटवलेली चूल, तिच्यावर टांगलेली सुकट आणि मागून आयोडीन लावलेलं बँडेज. पहिल्या घोटाला मी भारावून जातो. दुसऱ्या पेगची इच्छा मला आजवर झालेली नाही. हे ऐकून काही मित्र माझ्याशी बोलणं टाकतील, टाकू देत.

अर्थात आयला म्हणजे सगळं स्कॉटलंड नव्हे. स्पेसाईडकडची मऊ असते, सफरचंद, मध, मनुका. साहेबांना मी तिथल्या ग्लेनलिव्हेट डिस्टिलरीची गोष्ट सांगितली, ती त्यांना दारूपेक्षा जास्त आवडली. १८२३ ला नवा अबकारी कायदा झाला आणि १८२४ ला जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसानं त्या खोऱ्यात रीतसर परवाना काढला. तोवर सगळं खोरं चोरून गाळत होतं. शेजारचे भट्टीवाले असे पिसाळले की गड्याला कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरावं लागलं. साहेब म्हणाले, “आमच्याकडं उलट व्हायचं. पिस्तूल आमच्याकडं, आणि पळायचं पण आम्हीच.”

२ नंबर दोघांनीही डोळे मिटून ओळखला. काकवी, शेंगदाण्याची चिक्की, भाजलेलं कणीस. बर्बन, अमेरिकेची व्हिस्की. तिथल्या कायद्यानं किमान ५१ टक्के मका लागतो, आणि पिंप कोरं करकरीत, आतून जाळून कोळसा केलेलं. रंग-स्वाद वरून घालायला बंदी. जळलेल्या ओकमधून व्हॅनिला आणि साखर उतरते ती हीच. एकदा वापरलं की ते पिंप बर्बनला चालत नाही, मग ती पिंपं जहाजानं स्कॉटलंडला, आयर्लंडला आणि आपल्याकडंही येतात. म्हणजे स्कॉचची तुम्ही जी गोडी वाखाणता तिच्यातली बरीचशी अमेरिकेची उष्टी असते. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात हीच दारू पिंपात भरण्याआधी मेपलच्या कोळशातून गाळतात. तिथल्या जॅक डॅनियलला दारू गाळायला शिकवली ती निअरेस्ट ग्रीन या गुलामगिरीत असलेल्या माणसानं, आणि हे नाव बाटलीमागच्या गोष्टीत यायला दीडशे वर्षं लागली. बर्बन मला आवडते, पण ती पहिल्या भेटीतच सगळं सांगून मोकळी होते.

१ नंबरला माझी फजिती झाली. मी छातीठोकपणे म्हणालो, “स्पेसाईड.” निघाली जपानी. पण जरा विचार केला तर चूक एवढी मोठी नव्हती. हिरोशिमाकडच्या साके गाळणाऱ्या घरातला मासाताका ताकेत्सुरु १९१८ ला शिकायला स्कॉटलंडला गेला आणि वह्या भरभरून टिपणं घेऊन आला. येताना स्कॉटिश बायकोही घेऊन आला, रिटा. शिंजिरो तोरी या व्यापाऱ्यानं १९२३ मध्ये यामाझाकीची डिस्टिलरी काढली ती त्याला हाताशी धरून. पुढं ताकेत्सुरु वेगळा झाला आणि १९३४ ला थंडगार होक्काइदोमध्ये योइची डिस्टिलरी उभी केली, जिथं तांब्याच्या भांड्याखाली अजून दगडी कोळसा पेटतो. जपान्यांची व्हिस्की सुबक असते, कुठंच खरखर नाही. एवढ्या सुबकपणाचा मला थोडा कंटाळा येतो. आणि एक सांगायलाच हवं, बाहेरच्या देशातली दारू आणून जपानी लेबल लावायला तिथं अनेक वर्षं कुणाची आडकाठी नव्हती. २०२१ मध्ये त्यांच्याच उत्पादकांच्या संघटनेनं नियम केले तेव्हा कुठं लगाम बसला. आपल्या सोडा घालण्याला हसणाऱ्यांनी मात्र एकदा जपानात जाऊन बघावं. तिथं हायबॉल म्हणजे रोजचं पेय, आणि त्यात सोडा व्हिस्कीच्या तिप्पट-चौपट.

(कॅनडाची बाटली नव्हती. पूर्वी चाखलीय. वाईट नाही, एवढंच.)

आता ५ नंबर. ग्लास नाकापर्यंत न्यायचीही गरज पडली नाही. “साहेब, हा आपलाच माल.” साहेब हसले. वरून घातलेल्या रंगस्वादाखाली, थोड्याशा माल्टखाली (मोड आलेल्या बार्लीची दारू), कुठंतरी दडलेली मळी. ईएनए कितीही स्वच्छ काढलं तरी ज्यानं ३१ वर्षं ते हुंगलंय त्याच्यापासून लपत नाही. आपल्या देशात व्हिस्की म्हणून जी सर्वांत जास्त खपते तिचा पाया बहुतेक वेळा मळीचं किंवा धान्याचं असं स्पिरिट असतं, आणि त्यात माल्ट किंवा स्कॉच चवीपुरती. युरोपात व्हिस्की म्हणायला धान्यच लागतं आणि पिंपात किमान तीन वर्षं लागतात, त्यामुळं मळीवाली तिथं व्हिस्की म्हणून विकता येत नाही. उसापासून केलेल्या दारूला जग रम म्हणतं. म्हणजे मी आयुष्यभर ज्याच्यासाठी राबलो ती व्हिस्कीचा सदरा घातलेली रमच म्हणायची, तीही पिंप न बघितलेली. याची मला लाज नाही. मळी होती म्हणून मळीची केली. मळी ही आमच्या तालुक्याची दलदल. पण लेबलवर स्कॉटिश सरदारासारखं नाव आणि ढाल-तलवार कशाला? आपण उसाची पोरं आहोत, हे लेबलवर लिहायला काय हरकत आहे?

६ नंबर गोव्याची. कुंकळ्ळीत गाळलेली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त मोड आलेल्या बार्लीची. साहेबांनी इथंच मत टाकलं आणि शेवटपर्यंत हललं नाही. त्यांची निवड कच्ची नाही. २००४ मध्ये बंगळुरूच्या अमृतनं आपली सिंगल माल्ट विकायला नेली ती थेट ग्लासगोला, तेव्हा लोक हसले होते. आता हसत नाहीत. आपल्या जवाला, म्हणजे सातूला, वेगळा जोर आहे. उन्हाचा हिशोबही वेगळा. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला दोनेक टक्के दारू उडून जाते, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूत तोच वाटा दहा टक्क्यांच्या वर जातो. आपले देवदूत अधाशी. म्हणून आपल्याकडं चार-पाच वर्षांत दारू तयार होते, आणि बारा वर्षं ठेवायची म्हटली तर पिंपात दारू कमी आणि लाकूड जास्त उरेल. तेव्हा ‘किती वर्षांची?’ हा प्रश्न गोव्याच्या बाटलीला विचारणं म्हणजे कोकणातल्या आंब्याला ‘काश्मीरच्या सफरचंदाएवढा टिकतोस का?’ विचारण्यासारखं आहे.

आणि ४ नंबर. जावईबापूंची.

आधी वास. जात्यातून नुकतंच निघालेलं पीठ. शेतातल्या हुरड्याचा कोवळा, हिरवा वास. मग घोट, आणि तो जिभेवर तेलासारखा पसरला, घाईच नाही त्याला. मागून सुंठ, मिरी, भिजवलेले मनुके. मी बराच वेळ काही बोललो नाही. साहेबांनी विचारलं, “झोपलात काय?”

याला आयरिश सिंगल पॉट स्टिल म्हणतात. पॉट स्टिल म्हणजे गाळायचं तांब्याचं भांडं. त्यात मोड आलेली बार्ली आणि मोड न आलेली कच्ची बार्ली, दोन्ही घालतात, प्रत्येकी किमान ३० टक्के. कच्ची का? सांगतात ते असं की अठराव्या शतकात इंग्रज सरकारनं माल्टवर कर लावला. माल्ट म्हणजे मोड आलेलं धान्य, आपण नाचणीचं सत्त्व करताना आणतो तसे मोड. आयरिश लोकांनी डोकं लावलं: मोडावर कर आहे ना, मग निम्मं धान्य मोड न आणताच घाला. कर वाचवायला केलेली लबाडी, आणि त्यातून ही मलईदार, मिरमिरीत चव. ही गोष्ट उत्पादन शुल्कवाल्या माणसाला सांगताना काय मजा येते!

पण साहेबांकडंही हुकमाचं पान होतं, आणि ते मीच त्यांच्या हाती दिलं. ज्या कॉलमपुढं मी हयात घालवली तो कॉलम कुणाचा? ईनियस कॉफीचा. हा आयरिश गृहस्थ अबकारी खात्याचा मोठा अधिकारी. नोकरीत असताना डोनेगलच्या भट्टीवाल्यांनी त्याला मरेस्तोवर मारला होता. नोकरी सोडून त्यानं १८३० मध्ये असा उभा कॉलम बनवून पेटंट घेतलं की ज्यात दारू दिवसरात्र अखंड गाळता येते, स्वस्तात आणि भरमसाट. डब्लिनच्या बड्या घराण्यांनी नाक मुरडलं. त्यातल्या चौघांनी तर १८७८ मध्ये पुस्तक छापून सांगितलं की कॉलमची दारू ही व्हिस्कीच नव्हे. तिला नाव होतं ‘मुकं स्पिरिट’. बोलत नाही, कुठून आली सांगत नाही. स्कॉटलंडनं मात्र कॉफीचा कॉलम उचलला, त्यात आपली माल्ट मिसळली आणि ब्लेंडच्या जोरावर जग घेतलं. १९०९ मध्ये ब्रिटनच्या रॉयल कमिशननंही निकाल दिला की कॉलमची दारूही व्हिस्कीच. पुढं अमेरिकेत दारूबंदी, इंग्रजांशी व्यापारयुद्ध. १९७० च्या दशकात अख्ख्या आयर्लंड बेटावर दोन डिस्टिलऱ्या उरल्या, उत्तरेत बुशमिल्स आणि दक्षिणेत कॉर्कजवळ मिडलटन. पॉट स्टिलची ही जुनी रीत त्यातल्या मिडलटननं धरून ठेवली. आता चाळीसच्या वर डिस्टिलऱ्या आहेत.

साहेब म्हणाले, “म्हणजे आमच्या खात्याच्या माणसानं तुमचं घर चालवलं, आणि तुम्ही कौतुक कुणाचं करताय? ज्यांनी त्याला हाकलला त्यांचं?”

हो, त्यांचंच. मुकं स्पिरिट मी ३१ वर्षं काढलं, त्यात तरबेज होतो, त्यावर दोन पोरं शिकवली. कॉफीला माझा नमस्कार. पण ४ नंबरच्या ग्लासात धान्य बोलत होतं. स्कॉच धुरातून किंवा पिंपातून बोलते, बर्बन जळलेल्या लाकडातून. इथं खुद्द जव बोलत होता, कच्चा आणि मोड आलेला, दोन्ही एकदम. धंदा बुडाला तरी त्यांनी तो गप्प केला नाही, हे शहाणपणाचं होतं की हट्टाचं, मला सांगता येणार नाही. घोट घेताना तो प्रश्न पडत नाही एवढं खरं.

साहेब गोव्यावर ठाम, मी कॉर्कवर. साडेअकराला खालून जिन्यातला दिवा दोनदा लागला-विझला, म्हणून सभा तहकूब.

आता अडचण अशी. ब्रिटनशी झालेल्या करारानं स्कॉचवरचं १५० टक्के आयातशुल्क आधी ७५ आणि मग दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलंय, पण त्या करारात डब्लिन-कॉर्क बसत नाही. बाटलीत चार बोटं उरलीय. लेक-जावई दिवाळीला येणार आहेत. जावयाकडं दारू मागायची म्हणजे या वयात शोभत नाही, असं घरात स्पष्ट सांगण्यात आलेलं आहे.

मागितलेली नाहीच. फक्त पोस्ट लिहिलीय. जावईबापू माझ्या सगळ्या पोस्ट वाचतात.